हायड्रिलाबरोबर कोण कोण आलं

आजोळच्या तळीतली हायड्रिला ही पाणवनस्पती आणि कुमुदाचे कंद दादाने ओल्या गोणपाटात गुंडाळून चिपळूणहून पुण्याला पाठवले. दादा म्हणजे माझा मामेभाऊ. भातशेती, आंबा आणि उरलेल्या वेळात माझ्या छंदांची चेष्टा, असा त्याचा दिनक्रम. त्याच सुमारास मी इथल्या दुकानातून कबोंबा आणि व्हॅलिस्नेरिया या पाणवनस्पतींच्या जुड्याही आणल्या होत्या. कुमुद गॅलरीतल्या मोठ्या टबात जायचं होतं, बाकीचं बैठकीच्या खोलीतल्या माशांच्या दोन फुटी टाकीत. टाकीत गप्पी आणि चेरी श्रिंप, म्हणजे इवल्या लाल कोळंब्या, आहेत. श्रिंपची पिल्लं जेमतेम दोन मिलिमीटरची, कुणाच्याही तोंडात मावणारी. त्यामुळे नवी वनस्पती थेट टाकीत टाकायची नाही, आधी पांढऱ्या प्लास्टिकच्या घमेल्यात विलगीकरण, असा आमच्याकडे नियम आहे.

पांढरं अशासाठी की तळाशी काहीही हललं तरी दिसतं. सकाळी पाहिलं तर घमेल्यात जवळपास सगळंच हलत होतं.

अशा वेळी पहिली ऊर्मी येते ती फोटो काढून कुणाला तरी नाव विचारण्याची. मीही विचारलं. पण पाच मिलिमीटरच्या, पाण्याखालच्या, अर्धपारदर्शक जिवाचा मोबाइलवरचा फोटो म्हणजे बहुतेक वेळा एक धुरकट ठिपका. आणि त्या ठिपक्याला मिळणारं नाव सांगणाऱ्याच्या पूर्वानुभवावर ठरतं. ज्याच्या टाकीत कधी जळू निघाली होती त्याला जळू दिसते, ज्याचे श्रिंप प्लॅनेरिया नावाच्या चपट्या कृमीने खाल्ले त्याला प्लॅनेरिया. आणि दोघेही औषधाचं नाव लगेच सांगून मोकळे होतात. मग मी वहीत नावाची जागा कोरी ठेवायला लागले आणि तिथे आधी क्रियापद लिहू लागले. घसरतं, वळवळतं, झटके देतं, वीत टाकत चालतं, नुसतं लोंबकळतं. त्याखाली लांबी, आणि कुठल्या झाडावर सापडलं: कोकणातल्या की दुकानातल्या. या तीन नोंदींनी जेवढं काम केलं तेवढं एकाही फोटोने केलं नाही.

सामानही फार लागलं नाही. पांढरी बशी, औषधाच्या बाटलीचा ड्रॉपर, टॉर्च, बशीखाली ठेवायला प्लास्टिकची पट्टी आणि एक दहापट मोठं दाखवणारं भिंग. पुढे भाच्याचं फोल्डस्कोप हाताशी आलं. स्टॅनफर्डच्या मनू प्रकाश यांच्या प्रयोगशाळेत तयार झालेला हा घडीचा कागदी सूक्ष्मदर्शक साधारण १४० पट मोठं दाखवतो आणि मोबाइलला चिकटवता येतो. भाच्याने तो शाळेत कांद्याची साल बघण्यापुरता वापरला होता.

पहिला गोंधळ अळीसारख्या दिसणाऱ्यांचा. लांबट, पांढरट किंवा तपकिरी, सेंटिमीटरच्या आत. त्यांचे तीन प्रकार निघाले आणि तिन्ही चालीवरून वेगळे करता आले. केसासारखे बारीक पांढरे धागे काचेवर दिसायचे आणि ड्रॉपरने उडवले की पाण्यात नागमोडी वळवळत खाली जायचे. भिंगाखाली त्यांच्या अंगावर वळ्या आणि बाजूला बारीक केस दिसतात. हे गांडुळाच्या गोतातले नायडिड, कुजका पालापाचोळा खाणारे. कुणालाही त्रास देत नाहीत. एकदम खूप दिसायला लागले तर समजायचं की आपण माशांना जास्त खायला घालतोय.

दुसरा वळवळत नाही, घसरतो. अंगाची हालचालच दिसत नाही, तरी जीव पुढे सरकलेला असतो, कारण तो पोटाखालच्या सूक्ष्म रोमांवर वाहत जातो. डोकं त्रिकोणी, त्यावर दोन डोळ्यांचे ठिपके, किंचित तिरळे. हा प्लॅनेरिया, चपटकृमी. हा मात्र श्रिंपच्या पिल्लांचा वैरी. पक्कं करायला रात्री बशीत कोंबडीचा कच्चा तुकडा ठेवला आणि पहाटे पाहिलं, तर तुकड्याखाली मंडळी जमलेली. याला चिमट्याने तोडून मारण्यात अर्थ नाही. त्याच्या तुकड्यातून पुन्हा पूर्ण प्राणी उभा राहतो आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस थॉमस हंट मॉर्गन यांनी हाच प्राणी कापून कापून पुनरुत्पत्तीचा अभ्यास केला होता. त्याचेच छोटे भाऊबंद, ज्यांना ना त्रिकोणी डोकं ना डोळे ठळक, तेही असेच घसरतात. ते निरुपद्रवी. म्हणजे ‘घसरतं’ एवढ्यावर थांबून चालत नाही, डोक्याचा आकार पाहावाच लागतो. प्लॅनेरियाच्या नावाने जेवढ्या टाक्यांत औषध ओतलं जातं, त्यांपैकी बऱ्याच टाक्यांत बिचारे नायडिड असतात, असं मला आता वाटतं.

तिसरा वीत टाकत चालायचा. पुढचं टोक टेकवायचा, मागचं ओढून जवळ आणायचा, पुन्हा पुढचं. दोन्ही टोकांना चूषक, म्हणजे जळू. ही दादाच्या हायड्रिलावर होती, चपटी, हिरवट तपकिरी, सेंटिमीटरभर. बशीत उलटी केली तर पोटाला पिल्लांचा झुबका चिकटलेला. ग्लॉसिफोनिड कुळातल्या जळवा अंडी आणि पिल्लं अशी पोटाशी बाळगतात आणि त्यातल्या बऱ्याच जणी गोगलगाईंवर जगतात. आई मागून डोकावली आणि म्हणाली, “घरात जळवा पाळायला लागलीस का गं आता?” ही माणसाला लागणारी नाही म्हटल्यावर तिचा रस संपला. जळवा लावून घेणाऱ्या आजोबांच्या गोष्टी तिच्याकडे भरपूर आहेत, त्यांच्यापुढे ही किरकोळच.

पाणवनस्पतीबरोबर जळू प्रवास करते हे जगाला चांगलंच माहीत आहे, आणि तो प्रवास आपल्याकडून बाहेरही झाला आहे. बार्ब्रोनिया वेबेराय ही आशियातली जळू शोभेच्या पाणवनस्पतींच्या व्यापारातून युरोप, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियापर्यंत पोहोचली. ती रक्त पीत नाही, छोटे कृमी आणि अळ्या गिळते. तिकडे कुणाच्या तरी टाकीत ‘हे काय आलं’ म्हणून ती बशीत घेतली गेली असेल, आणि तिचं मूळ गाव आपल्या बाजूचं.

झटके देणाऱ्यांची ओळख सोपी. पांढरे ठिपके, एक ते दोन मिलिमीटर, थांबत थांबत पुढे उडणारे. फोल्डस्कोपखाली कपाळाच्या मधोमध एकच डोळा आणि मादी असेल तर शेपटीच्या दोन बाजूंना अंड्यांच्या दोन पिशव्या. सायक्लॉप्स. त्याच्याबरोबर डॅफ्निया होते, उड्या मारत वर येणारे. शिवाय ऑस्ट्रॅकॉड होते, दोन शिंपांमध्ये बंद असलेले, झटके न देता सरळ रेषेत पोहणारे. तिन्ही माशांचं खाणं, टाकीत आले तर उत्तमच.

पण सायक्लॉप्स दिसला की मला माशांच्या आधी नारू आठवतो. पायातून हातभर लांब कृमी बाहेर येणारा तो रोग ज्यांनी पाहिला आहे ती पिढी अजून आपल्यात आहे. नारूची पिल्लं पाण्यात या सायक्लॉप्सच्या पोटात वाढायची आणि पायऱ्यांच्या विहिरीचं पाणी तसंच प्यायलं की माणसात यायची. औषध नव्हतं, लस नव्हती. पाणी दुहेरी फडक्यातून गाळणं, पायऱ्यांच्या विहिरी बंद करणं किंवा त्यांचं रूप बदलणं, विहिरीत सायक्लॉप्स मारणारं औषध टाकणं, एवढ्यावर तो देशातून गेला. शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र दिलं. सायक्लॉप्स कुठेच गेला नाही. तो प्रत्येक तळ्यात आहे, माझ्या घमेल्यात आहे, फक्त त्याच्या पोटातला भाडेकरू गेला. आईला हे दाखवलं तेव्हा मात्र ती भिंग सोडायला तयार नव्हती. तिच्या माहेरी पाणी गाळायचं फडकं रोज वेगळं धुतलं जायचं, आणि ज्याच्यासाठी धुतलं जायचं तो तिने आत्ता पहिल्यांदा पाहिला.

‘नुसतं लोंबकळतं’ हे क्रियापद कबोंबाच्या एका देठावर लिहिलं गेलं. आठेक मिलिमीटरचा फिकट धागा, खालच्या टोकाला पाच-सहा बारीक धाग्यांचा झुबका. हे शेवाळ की प्राणी, हाच पहिला प्रश्न. ड्रॉपरच्या टोकाने हलकेच स्पर्श केला आणि सगळं आक्रसून टाचणीच्या डोक्याएवढं झालं. मिनिटभराने पुन्हा हळूहळू लांब. म्हणजे प्राणीच. हायड्रा.

नेमका हाच प्रश्न अब्राहम ट्रेंब्ले यांना १७४० मध्ये पडला होता. मूळचे जिनिव्हाचे, हॉलंडमध्ये हेगजवळ एका सरदाराच्या मुलांना शिकवायला असणारे हे गृहस्थ. खंदकातल्या पाणवनस्पती त्यांनी काचेच्या बरणीत आणून ठेवल्या आणि त्यांच्यावर त्यांना हे हिरवे धागे दिसले. त्यांना आधी ती वनस्पतीच वाटली. मग धाग्याचे हात हलताना दिसले, बरणी हलवली की तो आक्रसतो हे दिसलं, बरणी फिरवली की धागे सरकत उजेडाच्या बाजूला जातात हेही दिसलं. तरी खात्री होईना, म्हणून त्यांनी तो कापला. दोन्ही तुकडे जगले तर वनस्पती, मेले तर प्राणी, असा सरळ हिशेब. दोन्ही तुकडे जगले, दोन्हींचे पूर्ण हायड्रा झाले, आणि तरीही ते चालत होते, शिकार धरून खात होते. हिशेबच मोडला. १७४४ मध्ये त्यांनी हे सगळं ग्रंथरूपाने प्रसिद्ध केलं आणि युरोपातले विद्वान बराच काळ त्यावर डोकं खाजवत होते. पाणवनस्पतीवर आलेला अनोळखी जीव ओळखण्याच्या धडपडीतला हा सगळ्यात मोठा किस्सा असावा. आणि त्यांनाही वाट दाखवली ती रूपाने नव्हे, हालचालीनेच.

मी कापाकापी केली नाही. शेजारी एक डॅफ्निया सोडला. तो धाग्याला लागला आणि जागच्या जागी थांबला. हायड्राच्या हातांवर दंशपेशी असतात, समुद्रातल्या जेलीफिशसारख्याच, आणि गोतही तेच. जेलीफिशवरून एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. सह्याद्रीतल्या गोड्या पाण्यातही जेलीफिश सापडतो आणि तो नजरेस आणून देणारे होते शंकर पुरुषोत्तम आघारकर, मूळचे मालवणचे, ज्यांचं नाव आज पुण्यातल्या आघारकर संशोधन संस्थेला आहे. तोवर असा जेलीफिश आफ्रिकेतलाच समजला जायचा. त्यांची ही नोंद १९१२ मध्ये ‘नेचर’मध्ये छापली गेली. त्यांचं पुढचं सगळं काम वनस्पतींवरचं, हे मला विशेष आवडतं. झाडं बघायला गेलेल्या माणसाला प्राणी सापडला.

हायड्रा असलेले देठ मी काढून उन्हात वाळवले. श्रिंपची पिल्लं तो सहज पकडतो. कुत्र्याला देतात त्या जंताच्या औषधातलं फेनबेंडाझोल हायड्रा आणि प्लॅनेरिया दोघांनाही मारतं आणि शौकीन ते सर्रास वापरतात. पण ते काही गोगलगाईंनाही मारतं, आणि चार देठांसाठी आख्ख्या पाण्यात औषध घालणं मला पटत नाही.

सगळ्यात मोठा पाहुणा होता दोन सेंटिमीटरचा, काटकुळा, सहा पायांचा, कुमुदाच्या देठाला चिकटून बसलेला. शेपटीला पानासारखे तीन पातळ पंख. पोहताना माशासारखं अंग डावीउजवीकडे हलवायचा. चतुराचं पिल्लू असतं तर ते आखूड आणि जाडसर असतं, त्याला हे तीन पंख नसतात, आणि घाबरलं की मागून पाण्याची पिचकारी मारून पुढे सटकतं. हे टाचणीचं, म्हणजे चतुराच्या काटकुळ्या चुलतबहिणीचं पिल्लू. दोघांचाही खालचा ओठ घडी घालून हनुवटीखाली ठेवलेला असतो आणि भक्ष्य टप्प्यात आलं की तो झटकन पुढे फेकला जातो. श्रिंपच्या टाकीत हा एक जरी शिरला तरी महिन्याभरात पिल्लं का दिसत नाहीत याचं कोडं पडतं.

हा धुवूनही का येतो, याचं कारण मला उशिरा कळलं. टाचणीची मादी अंडी पाण्यात सोडत नाही, देठ चिरून त्याच्या आत घालते. आपले नेहमीचे चतुर पाण्यावर शेपूट आपटत अंडी टाकतात, ती धुतली जाऊ शकतात. देठाच्या आतली अंडी धुण्याने जात नाहीत, तुरटीच्या पाण्याने जात नाहीत, आणि दिसत तर नाहीतच. पाने खरवडून घासली तरी पंधरवड्याने छोटी टाचणी हजर. त्यावर उपाय एकच, वाट पाहणं. घमेल्यात महिनाभर.

या पिल्लावरून जात ओळखणं तज्ज्ञांचं काम. मी त्याला वेगळ्या बरणीत ठेवलं, डासांच्या अळ्या घातल्या आणि एक काडी उभी केली. एका पहाटे काडीला रिकामी कात होती आणि वर पंख वाळवत बसलेली टाचणी. रंग चढायला तिला आणखी काही दिवस लागतात, म्हणून जाळीच्या पिंजऱ्यात ठेवली. छाती हिरवट, पोट लिंबाच्या सालीसारखं पिवळंधमक. सेरियाग्रिऑन कोरोमंडेलियानम, नर. भाताच्या खाचरांजवळ नेहमी दिसणारी. गॅलरीतून सोडून दिली.

डासांच्या अळ्या शोधायला महापालिकेचे कर्मचारी येतात, त्यातले एक काका त्याच सुमारास आले. टबात टॉर्च मारला आणि दोन मिनिटं नुसते बघत राहिले. डासाची अळी ओळखायची त्यांची पद्धत ऐकून मला माझी वही आठवली. पाण्याच्या पृष्ठभागाशी आडवी पडलेली असेल तर ॲनोफिलिस, म्हणजे मलेरियाचा. शेपटीची नळी वर लावून डोकं खाली करून लोंबकळत असेल तर एडिस किंवा क्युलेक्स. सावली पडली की वेड्यासारखी वळवळत खाली. माझ्या टबात गप्पी होते, त्यामुळे तसलं काही नव्हतं. तळाशी लाल अळ्या होत्या, मातीच्या नळ्या करून राहणाऱ्या. त्या बघून मी धास्तावले, ते म्हणाले, “ताई, हा चावत नाही.” चिरोनोमस माशीच्या अळ्या. रक्तातल्यासारखंच हिमोग्लोबिन त्यांच्या अंगात असतं म्हणून लाल, आणि म्हणूनच त्यांना गढूळ, कमी प्राणवायूच्या पाण्यात जगता येतं.

कुमुदाच्या पानांची तक्रार वेगळी होती. पानाला लंबगोल भोकं, अगदी कात्रीने कापल्यासारखी, आणि तेवढेच तुकडे टबात इकडेतिकडे तरंगणारे. एक तुकडा उलटा केला तर दोन तुकडे एकमेकांना शिवून केलेलं पाकीट आणि आत अळी. दादाला व्हिडिओ कॉल लावला. त्याने चहाचा घोट घेत एका नजरेत सांगितलं, “अगं ही तर आमच्या सुरळीतल्या अळीची बहीण.” आणि बरोबरच होतं. भातावरची सुरळीतील अळी पानाचं टोक कापते, त्याची सुरळी करते आणि तीत बसून पाण्यावर तरंगत दुसऱ्या चुडावर, म्हणजे रोपांच्या जुडग्यावर, जाते. तिच्या अंगावर कल्ल्यांचे धागे असतात. माझी अळी तिच्याच कुळातल्या पाणपतंगाची, लिलीच्या पानांवर जगणारी. “आम्ही चुडांवरून दोरी ओढतो, सुरळ्या पाण्यात पडल्या की पाणी सोडून देतो,” दादा म्हणाला. “तू काय टब उपडा करणार?” मी तुकडे हाताने वेचले. तीच दोरी, थोडी हळू.

त्या कॉलवर त्याने आणखी एक प्रश्न निकालात काढला. हायड्रिलाच्या गुंत्यात केसाळ पानांची एक वेगळीच काडी होती, तिच्यावर काळपट फुगे. पहिल्या नजरेला ती कुणाची तरी अंडीच वाटतात. प्रत्यक्षात ती वनस्पतीच होती, युट्रिक्युलेरिया, कास पठारावरच्या सीतेच्या आसवांची पाण्यात तरंगणारी नातेवाईक. फुगे म्हणजे तिचे सापळे, आणि काळं दिसतं ते आत अडकलेल्या सायक्लॉप्समुळे. “तळीत पावसाळ्यात पिवळी फुलं येतात तिला,” दादा म्हणाला. नाव त्याला माहीत नव्हतं, पण कुठे, कधी आणि कशी, हे सगळं माहीत होतं.

आता गोगलगाई. इथे हालचालीचा काही उपयोग नाही, सगळ्या सारख्याच सरकतात. शंख पाहावा लागतो. टोक वर, तोंड आपल्याकडे असा शंख धरायचा. तोंड डाव्या हाताला आलं तर फायसा, उजव्या हाताला आलं तर लिम्निया. कबोंबावरून फायसाच आली होती. फायसा ॲक्युटा मूळची उत्तर अमेरिकेतली, पाणवनस्पतींबरोबर जगभर पसरलेली. तिची अंडी पारदर्शक जेलीच्या लांबट गोळ्यात पानामागे असतात. दादाच्या हायड्रिलावर मात्र आपली देशी इंडोप्लॅनॉर्बिस होती, चपटी, चकलीसारखी गुंडाळलेली, अंगाने लालसर. ती गुरांच्या रक्तकृमींची मधली यजमान असते, म्हणजे त्यांचे डिंभक (पिल्लं) आधी तिच्या अंगात वाढतात. गुरं डुंबतात त्या पाण्यात तिच्यातून बाहेर पडणारे सूक्ष्म डिंभक माणसाच्या कातडीत शिरायला बघतात. माणसात त्यांची वाढ होत नाही, खाज मात्र सणसणीत सुटते. म्हणून थेट तळ्यातून आलेल्या झाडांना पहिले काही दिवस मी हातमोजे घालून हात लावते.

आणि मग काचेवरची ती टिकली. तीन मिलिमीटरची, पातळ, तपकिरी, मधे किंचित उंचवटा. दिवसभर जागची हलली नाही. वहीत ‘काही करत नाही’ असं लिहिलं आणि तिला शेवाळाचा डाग समजून सोडून देणार होते, पण दुसऱ्या दिवशी ती बोटभर सरकलेली. ब्लेडने सोडवून उलटी केली तर खाली गोगलगाईचा पाय आणि दोन शिंगं. गोड्या पाण्यातली लिंपेट, फेरिसिया. शेवाळ खरवडून खाते, कुणाला काही करत नाही, आणि छंद असलेल्यांच्या टाक्यांत सर्रास सापडते.

हिच्याबद्दल वाचताना मी थेट रत्नागिरी जिल्ह्यात जाऊन पोहोचले. शिस्टोसोमियासिस हा आफ्रिकेत लाखोंना होणारा रक्तकृमींचा रोग. गोगलगाईतून बाहेर पडलेले डिंभक कातडीतून माणसात शिरतात, आणि त्याच्या एका प्रकारात लघवीतून रक्त जातं. भारतात तो नाहीच अशी समजूत होती. १९५२ मध्ये आर. के. गाडगीळ आणि एस. एन. शहा यांनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात तो स्थानिक पातळीवर होत असल्याचं दाखवलं. मग प्रश्न आला, तिथल्या पाण्यात त्याची यजमान कोण? आफ्रिकेत ज्या गोगलगाई हे काम करतात त्या इथे नव्हत्या. शोध येऊन थांबला तो फेरिसिया टेनुइसपाशी, म्हणजे या टिकलीच्या बहिणीपाशी. तिथला तो प्रादुर्भाव पुढे ओसरला. मला राहून राहून त्या शोधणाऱ्यांचं कौतुक वाटतं. ओढ्यातले दगड आणि पानं उलटीपालटी करून, शेवाळाच्या डागासारख्या दिसणाऱ्या, जवळपास न हलणाऱ्या या जिवाला गोगलगाय म्हणून ओळखायचं, आणि मग त्याच्या पोटात डिंभक आहेत का ते बघायचं. वाहत्या पाण्यात, साध्या सूक्ष्मदर्शकाने.

माझ्या टाकीतल्या लिंपेटना घाबरण्याचं कारण नाही. गोगलगाईला लागण व्हायला रोगी माणसाची लघवी त्या पाण्यात मिसळावी लागते, आणि टाकीत जन्मलेल्या पिढ्या त्या साखळीच्या बाहेरच आहेत. दादाला सांगितलं तेव्हा तो दोन क्षण गप्प झाला. गिमवी त्याच्या पाहुण्यारावळ्यांचं गाव. मग म्हणाला, “म्हणजे आमच्याकडून काय काय जगप्रसिद्ध झालंय, ते आम्हालाच माहीत नाही.”

विलगीकरण संपवताना मी व्हॅलिस्नेरियाला तुरटीच्या पाण्यात काही तास ठेवून घेते आणि मग स्वच्छ धुते. गोगलगाईंची अंडी पुष्कळशी त्याने जातात. कबोंबाची पानं नाजूक, तिला पोटॅशियम परमँगनेटचं फिकट गुलाबी पाणी, तेही दहाच मिनिटं, आणि तेवढ्यानेही ती थोडी मरगळतेच. हायड्रिलाला काहीही केलं तरी ती जगते. नायडिड, सायक्लॉप्स, ऑस्ट्रॅकॉड, लिंपेट यांना मी टाकीत येऊ देते. टाचण्या टबात. जळू पिल्लांसकट वेगळ्या बरणीत आहे आणि जास्त झालेल्या फायसा तिला मिळतात. हाकलून दिलेले दोनच, हायड्रा आणि प्लॅनेरिया.

आता दादाला माझी कबोंबा हवी आहे. फोटोत तिची पिसाऱ्यासारखी पानं पाहिली आणि तळीत लावायची म्हणून बसला आहे. कबोंबा दक्षिण अमेरिकेची. केरळातल्या पाण्यात ती आधीच बेसुमार माजली आहे, आणि तिच्या देठावर फायसाची अंडी कुठे ना कुठे राहिलेली असणारच. त्याच्या तळीतून ओढा निघतो, ओढा खाचरांत जातो, पुढे वाशिष्ठीत. मी नाही म्हणून सांगितलं. “माझ्याकडचं सगळं आणलंस, तुझ्याकडची एक काडी देत नाहीस,” असं म्हणून तो रुसला आहे. कुमुदाच्या बिया देऊ केल्या, तर म्हणाला, ते तर माझंच आहे.